आठवीनंतरची चार वर्षे : खेळाडू इथेच हरवतात

२०३०च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे यजमानपद नोव्हेंबर २०२५मध्ये अहमदाबादला मिळाले. २०३६च्या ऑलिम्पिकसाठी भारताने आधीच इच्छापत्र दिले आहे. जुलै २०२५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘खेलो भारत नीती’ मंजूर केली. मैदाने, अकादमी, पदकांची उद्दिष्टे यांवर आता भरपूर चर्चा होईल. पण २०३०मध्ये धावणारी मुलगी आज नववी-दहावीत आहे आणि २०३६चा मल्ल कदाचित चौथीत. त्यांची हाडे, रक्त आणि स्नायू आत्ता घडत आहेत. ते कशावर घडत आहेत, ही चर्चा मात्र फारशी कानावर येत नाही.

मावळ तालुक्यात हा प्रश्न विचारायला चांगले कारण आहे. मे २०२२मध्ये ग्रीसमधील हेराक्लिऑन येथे झालेल्या कनिष्ठ जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत वडगाव मावळच्या हर्षदा गरुड हिने ४५ किलो गटात सुवर्णपदक जिंकले. स्नॅचमध्ये ७० आणि क्लीन अँड जर्कमध्ये ८३, असे एकूण १५३ किलो तिने उचलले. या स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. ती घडली गावातच, प्रशिक्षक बिहारीलाल दुबे यांच्या व्यायामशाळेत. तिचे वडीलही त्यांचेच शिष्य. म्हणजे घरात खेळाची जाण होती, चालत जाण्याच्या अंतरावर व्यायामशाळा होती आणि वर्षानुवर्षे एकच जाणता प्रशिक्षक लाभला.

वडगावहून लोणावळ्याकडे निघाल्यावर कान्हे फाट्याला उजवीकडे वळले, की टाकवे बुद्रुकपासून आंदर मावळ सुरू होतो. वडेश्वर, खांड, कुसूरपर्यंत ठोकळवाडी धरणाच्या काठाने पसरलेली ही भातशेतीची गावे आणि वाड्या. इथली मुले काटक आहेत. चढ-उतार, चिखल, डोक्यावरचे ओझे त्यांना नवे नाही. गुणवत्ता नाही असे कोणी म्हणणार नाही. पण हर्षदाच्या वाट्याला आलेल्या तीन गोष्टी इथल्या किती मुलांच्या वाट्याला येतात? आणि त्याही आधीची चौथी गोष्ट, म्हणजे वाढत्या वयाला पुरेल इतके अन्न, ती तरी येते का?

ताट नेमके कधी रिकामे होते

मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण बाराव्या वर्षी, मुलांची चौदाव्या वर्षी. या उसळीच्या आसपासच्या दोनच वर्षांत प्रौढपणीच्या हाडांतील खनिजसाठ्याचा सुमारे चौथा हिस्सा जमा होतो. तो साठा नंतर कितीही कॅल्शियम घेतले तरी तसा भरून निघत नाही. स्नायू, रक्ताचे आकारमान, हृदयाची क्षमता हेही याच काळात वाढते.

‘आयसीएमआर’च्या २०२०च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे २,४०० कॅलरी आणि ४३ ग्रॅम प्रथिने, तर त्याच वयाच्या मुलाला सुमारे २,८६० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने लागतात. हा हिशेब बेताची हालचाल करणाऱ्या मुलांचा. तासभर जोरदार सराव केला, की आणखी ३०० ते ४०० कॅलरी हव्यात.

आता शाळेच्या पोषण आहाराकडे पाहू. उच्च प्राथमिक वर्गात, म्हणजे सहावी ते आठवी, नियमाप्रमाणे एका जेवणातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. म्हणजे मुलीच्या रोजच्या प्रथिनांचा जवळपास निम्मा वाटा शाळेतल्या ताटातून. हा आहार आठवीला संपतो. शिक्षण हक्क कायद्याचे मोफत शिक्षणही तिथेच संपते. मुलगा चौदा वर्षांचा होतो, त्याची वाढ ऐन वेगात असते, सराव गंभीर होऊ लागतो, आणि नेमके त्याच जूनमध्ये त्याचे दुपारचे ताट बंद होते. आश्रमशाळेतल्या मुलांना जेवण मिळत राहते; गावातून ये-जा करणाऱ्याला नाही. नववीपासून डब्यात भात-आमटी किंवा भाकरी-चटणी असते, तीही सकाळी सात वाजता भरलेली. काहींच्या दप्तरात डबाच नसतो.

सरकारची मदत दोन टोकांना आहे. एका टोकाला आठवीपर्यंतचा आहार. दुसऱ्या टोकाला ‘खेलो इंडिया’सारखी योजना, त्यात निवड झालेल्या खेळाडूमागे वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांपर्यंत खर्च होतो आणि त्यातले दरमहा १० हजार त्याच्या हाती पडतात. ही मदत मोलाचीच आहे. पण ती निवड होईपर्यंत शरीर टिकवणाऱ्याला मिळते. मधली तीन-चार वर्षे मूल आणि त्याचे घर यांच्यावर सोडलेली आहेत.

आळस नव्हे, रक्ताची कमतरता

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातल्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये तो होता. हिमोग्लोबिन रक्तातून प्राणवायू वाहून नेते. ते दीड-दोन ग्रॅमने कमी झाले तरी घरकाम करताना जाणवत नाही, पण ८०० मीटरच्या शेवटच्या फेरीत नक्की जाणवते. मुलगी मागे पडते, धाप लागते, पाय जड होतात. प्रशिक्षक म्हणतो, ‘जिद्द कमी पडते’. आई म्हणते, ‘अभ्यासाचा ताण आहे’. तपासणी केली तर हिमोग्लोबिन दहा निघते. किशोरवयीन मुलीत ते किमान १२ हवे.

खेळाडू मुलीत लोहाची मागणी तिहेरी असते : वाढ, मासिक पाळी आणि सराव. घामातून थोडे लोह जाते. कठीण रस्त्यावर अनवाणी किंवा झिजलेल्या बुटात लांब धावताना तळव्यांच्या आघाताने काही तांबड्या पेशीही फुटतात. शाळांतून आठवड्याला एक निळी गोळी (६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड) देण्याचा कार्यक्रम आहे आणि तो बारावीपर्यंत चालतो. वर्षातून दोनदा जंतनाशक गोळीही मिळते. पण ‘मळमळते’ म्हणून निळी गोळी खिडकीबाहेर जाते, हे शिक्षकांना ठाऊक असते. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू असेल तर लोह चांगले शोषले जाते. चहा असेल तर वाया जाते. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवणे हा एक पैसाही न लागणारा उपाय आहे. मात्र रक्तक्षय असेल तर आठवड्याच्या एका गोळीने भागत नाही. डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा घ्यावी लागते आणि हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरण्यासाठी आणखी काही महिने ती चालू ठेवावी लागते.

याहून गप्प राहणारी गोष्ट म्हणजे पाळी थांबणे. सरावाच्या मानाने खाणे कमी पडले, की शरीर काटकसर सुरू करते आणि आधी पाळी बंद करते. अनेक घरांत याकडे ‘बरेच झाले, स्पर्धेत अडचण नाही’ असे पाहिले जाते. ही सोय नसून इशारा आहे. इस्ट्रोजेन घटल्याने हाडे ठिसूळ होऊ लागतात, सततच्या भाराने बारीक भेगा पडतात, आजारपण वाढते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४पासून या ऊर्जेच्या तुटवड्याकडे सातत्याने लक्ष वेधले आहे, आणि तो मुलांमध्येही होतो. सलग तीन महिने पाळी आली नाही किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही सुरू झाली नाही, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे.

डब्यातली पावडर की मडक्यातली डाळ

सराव सुरू झाला की पहिला सल्ला मिळतो तो प्रोटीन पावडरचा. ४५ किलो वजनाच्या, नियमित सराव करणाऱ्या मुलीला किलोमागे १.४ ग्रॅम धरले तर दिवसाला ६३ ग्रॅम प्रथिने लागतात. पाव किलो तांदळाच्या भातातून सुमारे १८ ग्रॅम मिळतात, पाऊण वाटी कोरड्या डाळ-कडधान्यातून १६, मूठभर, म्हणजे ४० ग्रॅम, शेंगदाण्यांतून १०, दोन अंड्यांतून १२ आणि पेलाभर दुधातून ८. बेरीज ६४. यात पावडर कुठेच नाही. भात आणि डाळ एकत्र खाल्ली, की दोन्हींतल्या प्रथिनांच्या उणिवा एकमेकींमुळे भरून निघतात. उतारावर पिकणारी नाचणी कॅल्शियम देते. १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम. पावसाळ्यातले खेकडे, ओढ्यातले मासे, सुकट यांना गरिबाचे खाणे म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. खेळाडूसाठी ते उत्तम अन्न आहे.

पावडरच्या डब्यात दुसराही धोका आहे. भेसळीचे किंवा लेबलवर न लिहिलेले उत्तेजक त्यात असू शकते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३च्या आकडेवारीत भारतातील ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ सदोष आढळले. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. नियम कडक आहे : शरीरात जे सापडले त्याची जबाबदारी खेळाडूची, ‘सरांनी दिले होते’ हा बचाव पुरत नाही. व्यायामशाळेत ‘ताकदीचे’ म्हणून टोचले जाणारे इंजेक्शन स्टिरॉइडचे असेल, तर वाढत्या वयात हाडांची टोके लवकर मिटून उंची कायमची थांबू शकते.

वजन उचलल्याने मात्र उंची थांबत नाही. हा समज अजूनही पालकांना व्यायामशाळेच्या दारातून परत फिरवतो. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, तंत्र आधी आणि वजन नंतर या क्रमाने केलेला सराव वाढत्या मुलांसाठी सुरक्षित आहे आणि हाडे बळकट करतो. धोका असतो तो बरोबरीच्या मुलांशी पैज लावून एकट्याने उचललेल्या वजनात.

वजन उतरवण्याचा प्रकार तर थेट जिवाशी खेळ आहे. ऑगस्ट २०२४मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीआधी विनेश फोगाटचे वजन सुमारे १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती अपात्र ठरली. देश हळहळला; पण त्या रात्री वजन घटवण्यासाठी तिच्या शरीराने काय सोसले, यावर कमी बोलले गेले. १९९७च्या अखेरीस अमेरिकेत काही आठवड्यांत तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवताना निर्जलीकरणाने दगावले, तेव्हा तिथले नियम बदलले. पाणी तोडणे, जाड कपडे घालून उन्हात धावणे, लघवीच्या गोळ्या घेणे हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी पूर्ण वर्ज्य. या गोळ्या उत्तेजकांच्या बंदी यादीतही आहेत. वाढते मूल वरच्या वजनगटात गेले, तर ती त्याची प्रगती समजावी.

शेतातला घामही मोजा

जून-जुलैत आंदर मावळात मैदान नावाची वस्तू उरत नाही. खेळाडू मुलेही आवणीला उतरतात. दिवसभर वाकून रोपे लावलेल्या मुलीला संध्याकाळी शंभर उठाबशा काढायला लावणे म्हणजे शरीराकडून दोन पाळ्यांचे काम घेणे. शाळेपर्यंतची पायपीट, पाण्याचे हंडे, शेतकाम हा सगळा भार सरावाच्या वहीत धरायला हवा. पावसाचे महिने व्हरांड्यात करता येणारा तोल, ताकद आणि लवचिकतेचा व्यायाम, मल्लखांब, दोरीउड्या यांना द्यावेत.

पाऊस ओसरला की उलट चूक होते. पोलीस भरतीसाठी मुले १,६०० आणि मुली ८०० मीटरची तयारी डांबरी रस्त्यावर एकदम सुरू करतात. महिनाभरात नडगीचे हाड दुखू लागते. एका बोटाने दाखवता येईल अशी हाडावरची दुखरी जागा, उडी मारताना किंवा रात्री वाढणारी वेदना, ही भेगेची लक्षणे असू शकतात. तिथे मलम चोळून धावणे नव्हे, थांबणे हाच उपचार आहे. उंची झपाट्याने वाढत असताना गुडघ्याखाली येणारे दुखरे टेंगूळ बहुधा वाढीचेच असते. तेव्हा उड्या काही आठवडे कमी केल्या की निवळते.

कबड्डीत मुलींच्या गुडघ्याचा आधारबंध तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त असते. सरावाआधी १५-२० मिनिटे ठरावीक व्यायाम केले, म्हणजे एका पायावर तोल, मऊ उतरणे, गुडघा आत न झुकू देणे, तर दुखापती लक्षणीय घटतात, हे फुटबॉलमध्ये अनेक देशांत सिद्ध झाले आहे. त्याला साहित्य लागत नाही, शिस्त लागते. झोपेचेही तसेच. किशोरांना आठ ते दहा तास झोप हवी. त्याहून कमी झोपणाऱ्या खेळाडूंना दुखापती जास्त होतात. पहाटे चारला उठवणारा प्रशिक्षक आणि रात्री बारापर्यंत जागवणारा मोबाइल एकाच मुलाच्या वाट्याला येऊ नयेत.

एक तपासणी कधीही चुकवू नये. धावताना चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे, किंवा घरात कोणाचा पन्नाशीच्या आत अचानक मृत्यू झालेला असणे, यातले काहीही असेल तर हृदयाची तपासणी होईपर्यंत खेळ बंद.

बारा वर्षांच्या मुलाला नापास करू नका

एकाच वर्गातली तेरा वर्षांची दोन मुले शरीराच्या वयाने दोन-तीन वर्षे मागेपुढे असू शकतात. कुपोषणाने वयात येणे लांबते. म्हणून बाराव्या-तेराव्या वर्षीच्या निवड चाचणीत आंदर मावळातला लहानखुरा मुलगा शहरातल्या थोराड मुलाशेजारी उभा राहतो आणि बाद होतो. पुढे त्याची उंची वाढते, तेव्हा तो मैदानावर उरलेला नसतो. लहान वयातल्या यशावर किती भिस्त ठेवायची, याचे उत्तर २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जागतिक आढाव्यात मिळते : सतरा-अठरा वर्षांखालील गटात आंतरराष्ट्रीय पातळी गाठलेल्यांपैकी दहातले जवळपास नऊ जण प्रौढ गटात ती पातळी गाठू शकले नाहीत. आणि प्रौढ गटात ती गाठलेल्यांपैकी बहुतेक जण लहानपणी तिथे नव्हतेच.

आपल्याकडचे उदाहरण अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला आणि त्यानंतर स्टीपलचेसकडे वळला. २०१८मध्ये त्याने ३७ वर्षे जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. हांग्जो आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. बाराव्या वर्षी त्याला कोणी ‘धावपटू’ ठरवले नव्हते. लहानपणी दोन-तीन खेळ, आठवड्यात किमान एक दिवस सुटी आणि वयाच्या आकड्यापेक्षा जास्त तास आठवड्याला सराव नाही, हा साधा दंडक पुरेसा आहे.

मैदानाबाहेरचे यश

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९मध्ये राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि २०२४मध्ये पॅरिसला कांस्यपदक जिंकला. मध्ये पंधरा वर्षे गेली. त्यातली बरीच वर्षे तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता; पगार चालू होता, म्हणून नेमबाजी चालू राहिली. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठीही दहावी, बारावी, पदवी लागते. ज्या मुलाला ‘तू फक्त खेळ’ सांगून नववीत शाळेपासून तोडले, त्याचा गुडघा अठराव्या वर्षी गेला तर त्याच्याकडे काहीच उरत नाही.

मुलींसाठी प्रश्न अधिक साधा आणि अधिक कठीण आहे. बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. पण सराव साडेसहाला संपला आणि शेवटची गाडी सहाला गेली, तर पास काय कामाचा? अंधारात रस्त्यावर चालण्यापेक्षा आई खेळ बंद करते आणि तिचे चुकत नाही. सरावाची वेळ एसटीच्या वेळापत्रकाशी जुळवणे हे क्रीडा धोरणच आहे. प्रशिक्षकासोबत मुलीला एकटीने मुक्कामी न पाठवणे, तक्रार कोणाकडे करायची हे मुलांना आधीच सांगून ठेवणे आणि १०९८ हा क्रमांक शाळेच्या फलकावर ठळक लिहिणे, हेही त्याचाच भाग.

तीन हजार रुपयांचा हिशेब

करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते फार महाग नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येतेच. त्याच वेळी खेळाडू मुलांचे हिमोग्लोबिन तपासून एका वहीत नोंदवावे. उंची दर तीन महिन्यांनी भिंतीवरच्या पट्टीवर मोजावी. ती झपाट्याने वाढू लागली की सरावाचा भार कमी करावा. क्रीडाशिक्षकांना प्रथमोपचार आणि हृदय बंद पडल्यास छाती दाबण्याचे शिक्षण द्यावे.

आणि नववी ते बारावीच्या खेळाडूंना सरावानंतर रोज एक उकडलेले अंडे आणि मूठभर शेंगदाणे-गूळ मिळावा; अंडे न खाणाऱ्याला उसळ. आजच्या भावाने दिवसाला साधारण १५ रुपये, शाळेचे दोनशे दिवस धरले तर मुलामागे वर्षाला तीन हजार. निवड झालेल्या एका खेळाडूवर वर्षाला जी कमाल रक्कम खर्च होते, तेवढ्यात दोनशे मुलांचे भागते. त्या खेळाडूचे एक रुपयाही कमी न करता हा पैसा उभा राहू शकतो. तळेगाव औद्योगिक वसाहत याच तालुक्यात आहे आणि कंपनी कायद्यानुसार सामाजिक दायित्वाच्या निधीतून ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणावर खर्च करता येतो. ग्रामपंचायत, शाळा आणि आरोग्य केंद्राने मिळून मुलांची यादी आणि वही तयार ठेवली, तर मागायला कारण आणि दाखवायला हिशेब दोन्ही असतील.

या दोनशेंतून ऑलिम्पिकला कदाचित एकही जाणार नाही. पण भक्कम हाडांचे, पुरेशा रक्ताचे आणि बारावी पूर्ण केलेले दोनशे तरुण आंदर मावळाला मिळतील. आणि पुढची हर्षदा त्यांच्यात असलीच, तर ती नववीत उपाशीपोटी सराव सोडून देणार नाही.